येडबा मुराळी आणि दिलेल्या लेकी

पेडगावात माझं औषधांचं दुकान आहे. दहा वर्षांपूर्वी मी इथं आलो आणि गावानं माझं नाव कधी गिळून टाकलं ते मलाही कळलं नाही. लहानथोर सगळे मला 'मेडिकल' म्हणतात. सिद्धोधन अशी पूर्ण हाक मारणारा गावात एकच माणूस, येडबा. सत्तरीच्या आसपासचा, उजव्या पायानं लंगडणारा. दुकानापुढच्या बाकड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची उलटतपासणी घेणं हा त्याला आपला जन्मसिद्ध हक्क वाटतो. गिऱ्हाइकानं कसली गोळी घेतली हेही त्याला बघायचं असतं, आणि यावरून आमची रोज जुंपते. तरी त्याच्यावर लिहायला बसलोय, कारण मी डोळ्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं नवल या माणसाच्या घरात घडलं.

घर मेंढरांचं. थोडी कोरडवाहू जमीन, बाकी सगळी भिस्त कळपावर. लहानपणी बैलगाडीचं चाक पायावरून गेलं आणि येडबा कळपामागं चालायच्या कामातून बाद झाला. त्याच्या लग्नाचंही कुणी मनावर घेतलं नाही. थोरला भाऊ बन्सीधर मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचा, आणि येडबाच्या वाट्याला आलं मुराळीपण. पंचमीला, दिवाळीला सासरच्या लेकीला माहेरी आणायला जो जातो तो मुराळी. एरवी घरात जो रिकामा असेल तो जातो. येडबा कायमचाच रिकामा, म्हणून कायमचाच मुराळी. धुतलेलं धोतर, डोक्याला पटका, पिशवीत करंज्या आणि एसटीची खिडकी. आत्या मानवतकडं दिलेली, बहीण मनकर्णाबाई गंगाखेडजवळ, धाकटी बहीण चांगुणाबाई सोनपेठच्या पुढं गोदावरीच्या कडेला. गाव चिडवायचं, "येडबाला काम न्हाई, नुसता पाहुणचार हाय." तो म्हणायचा, "तुमाला कोण इचारतंय?"

मुराळ्याचं एक काम मात्र कुणी चेष्टेवारी नेत नाही. लेक सासरी वारली तर तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. तेही घेऊन येडबाच गेला. आधी आत्यासाठी, मग मनकर्णाबाईसाठी, आणि पाचएक वर्षांमागं चांगुणाबाईसाठी. परत आला की तीन दिवसांचं सुतक, आणि दिलेली लेक घराच्या बोलण्यातून वजा. आपल्याकडची ही रीत मला पहिल्यापासून खटकते. जन्मते तेव्हा आपली आणि मरते तेव्हा त्यांची, हा कुठला न्याय?

या घरातल्या पुरुषांना पोटाचा रोग आहे हे मात्र पंचक्रोशीला पाठ होतं. येडबाचा बाप त्यानंच गेला. बन्सीधर पंचावन्न गाठायच्या आत गेला. आधी नुसती जळजळ, मग दोन घासांत पोट गच्च, मग अंगावरचं मांस उतरायचं. कुणी म्हणे करणी, कुणी म्हणे शाप. शापाला पुरुष तेवढे कसे सापडतात, असं मी एकदा बाकड्यावर विचारलं होतं. त्यावर येडबा म्हणाला, "घर पुरुषाचं असतंय, तवा शाप बी त्यालाच." मी कपाळावर हात मारून घेतला.

बन्सीधरच्या मागं त्याची बायको बायनाबाईनं घर सांभाळलं. थोरला मुलगा महारुद्र, सून विजयमाला, त्यांची अर्पिता आणि सुरज ही लेकरं. धाकटा मुलगा जीवन, एकतिशीचा, त्याच्यासाठी मुली बघणं चाललेलं. गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या आधी जीवन माझ्याकडं आम्लपित्ताच्या गोळ्या मागायला आला. पँट कंबरेला दोरीनं बांधलेली. मी गोळ्या दिल्या नाहीत, चार शब्द सुनावले आणि परभणीला धाडला. परभणीहून त्याला संभाजीनगरच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथं कळलं की कॅन्सर जठराचा आहे आणि तो जठरात राहिलेला नाही.

रिपोर्ट वाचणारा कुणी हवा म्हणून घरच्यांनी मला बरोबर नेलं. तिथल्या डॉक्टर रोहिणी वयानं लहान, बोलायला शांत. एवढ्या तरुण मुलाला आणि त्याच्या बापा-आजालाही हाच आजार म्हटल्यावर त्यांनी जीवनच्या रक्ताची जनुकांची तपासणी करवली. निकाल आला तेव्हा त्यांनी सगळ्यांना समोर बसवलं आणि जे सांगितलं ते ऐकून मी, औषधांवर पोट भरणारा माणूस, अवाक झालो.

माणसाच्या प्रत्येक पेशीत तीनशे कोटी अक्षरांचा मजकूर असतो. शरीर कसं बांधायचं, कसं चालवायचं ते त्यात लिहिलेलं. या घराच्या मजकुरात एक अक्षर चुकलं होतं. एकच. आणि ते नेमकं अशा ठिकाणी, जिथं शेजारच्या पेशीला घट्ट धरून ठेवायची कला लिहिलेली असते.

"प्रत्येकाकडं या मजकुराच्या दोन प्रती असतात," डॉक्टर म्हणाल्या. "एक आईकडून, एक वडिलांकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरी काम चालवून नेते. पण जठरातल्या एखाद्या पेशीत ती दुसरीही बिघडली, की ती पेशी शेजारणीचा हात सोडते."

"आमची मेंढरं बसताना अंगाला अंग लावून बसत्यात," येडबा मधेच म्हणाला. "एक उठून गेलं तर अंधारात कळत बी न्हाई."

"तसंच. बाकीच्या कॅन्सरची गाठ होते, ती दुर्बिणीत दिसते. याची गाठ होत नाही. सुटलेल्या पेशी एकेकट्या जठराच्या भिंतीत शिरतात. वरून बघावं तर सगळं निरोगी. वर्षानुवर्षं तशाच पडून राहू शकतात. मग त्यांच्यात आणखी बदल साठत जातात. एखाद्या बदलानं भिंत ओलांडता येते, एखाद्यानं परक्या जागी रुजता येतं. जीवनच्या बाबतीत ते झालंय."

मी त्या खोलीत बसून विचार करत होतो. कुठल्या तरी पणज्याच्या नाहीतर पणजीच्या अंगात कधीकाळी हे अक्षर चुकलं असेल. त्या माणसाचं नाव आज कुणालाही माहीत नाही. नाव पुसलं गेलं, गाव पुसलं गेलं, आणि चुकलेलं अक्षर मात्र जसंच्या तसं, काना-मात्रा न हलता, इथवर चालत आलं. मला भीती वाटायला हवी होती, पण मी नुसता थक्क झालो होतो.

डॉक्टरांनी घरातल्या इतरांची विचारपूस केली. उत्तरं बायनाबाईनं दिली. नणंदा? "त्या दिलेल्या. वारल्या, पर पोटाचा कुणालाच न्हाई झाला. एकीला पिशवीचा, एकीला काविळीनं पाणी झालतं, आत्याबाईच्या छातीत गाठ होती." सून? "सून भायेरची." महारुद्र खाली मान घालून बसला होता. येडबा पटका सावरत होता.

मग महारुद्रानं आणि येडबानं रक्त दिलं. महिनाभरानं निकाल आला. महारुद्राच्या अंगात तो दोष नव्हता. त्याच्यात नाही म्हणजे त्याच्याकडून लेकरांतही जाणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा बायनाबाईनं भर दवाखान्यात जमिनीला डोकं टेकवलं. येडबाच्या अंगात मात्र दोष निघाला.

"माझ्यात? मला तर कवाच काय झालं न्हाई. दगड पचवतो मी."

"प्रत्येकाला आजार होतोच असं नाही, काका. तुमची दुसरी प्रत सत्तर वर्षं टिकून राहिली. का, ते आम्हालाही पुरतं माहीत नाही." दर वर्षी तपासणीला यायला त्यांनी बजावलं.

परत येताना रेल्वेत येडबा आपल्या पोटाकडं असा बघत होता, जणू तिथं कुणी अनोळखी पाहुणा मुक्कामाला आहे आणि इतकी वर्षं कुणी सांगितलंच नाही. मला हसू आलं आणि भरूनही आलं.

जीवन पावसाळ्यात गेला. शेवटी शेवटी त्याचं पोट पाण्यानं तट्ट फुगलं होतं. मी सलाईन बदलायला त्यांच्या घरी जायचो. एका सकाळी येडबा बाजेपाशी उभा राहून त्या पोटाकडं टक लावून बघत होता. मी निघालो तसा तोही मागून आला आणि बाकड्यावर न बसता थेट दुकानात शिरला.

"सिद्धोधन, हे पोट मी आधी बघितलंय. चांगुणाला लुगडं घेऊन गेलतो तवा. लुगडं पुरंना गेलतं बाईला. असंच पोट."

"काविळीचं पाणीही असतं, येडबामामा."

"डोळे पिवळे नव्हते तिचे. मीच झाकले." मग तो काउंटरवर वाकला. "हा रोग भिंत ओलांडून बायांच्या पिशवीत जातो का?"

मी त्याच्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, जातो. अंडाशयात जातो, पोटाच्या आतल्या आवरणावर पसरतो आणि पाणी होतं. याच चुकलेल्या अक्षरानं बायकांना छातीचा एक कॅन्सरही होतो. मी फोन ठेवला. मानवत, गंगाखेड, सोनपेठ. तीन गावं, तीन आजारांची तीन नावं, तीन वेगळे दवाखाने. आणि सगळीकडं बहुधा तोच एक. तो लेकींबरोबर वरातीत बसून गेला होता आणि माहेरच्या कुणालाही दिसला नव्हता, कारण दिलेल्या लेकीला काय झालं हे माहेर विचारतच नाही.

येडबा अजून उभाच होता. "मग विजयमालाचं कसं?"

"तिचं काय? ती सून आहे."

"चांगुणाची लेक हाय ती."

मी हातातली बाटली खाली ठेवली. दहा वर्षं मी या गावात राहतो आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगणार कसं? दिलेल्या लेकीची लेक त्याच घरात सून म्हणून आणत नाहीत. गेलेली वेल माघारी फिरते आणि घराला ते धार्जिणं नसतं, अशी समजूत. बन्सीधरनं मात्र बहिणीला शब्द दिला होता आणि तो पाळला. लग्नाला वर्ष होतंय तोवर बन्सीधर गेला. बायनाबाईनं सुनेला तोंडावर कधी काही म्हटलं नाही, पण त्या दिवसापासून विजयमाला कुणाची कोण हे त्या घरात बोलायचं नाही, असं ठरून गेलं. अठरा वर्षं ती बाई नुसती सून म्हणून राबली. डॉक्टरांनी विचारलं तेव्हाही महारुद्राची मान त्यापायीच खाली गेली होती.

आणि महारुद्र सुटला म्हणून लेकरं सुटली, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. लेकरांना आईही असते, हे एवढ्या शहाण्यासुरत्या माणसांत कुणाच्याच ध्यानात आलं नाही, माझ्याही.

जीवनचे दिवस होईतो येडबा थांबला. मग त्यानं घरात विषय काढला. महारुद्र घाबरला. विजयमाला म्हणाली, "मला काय व्हायलंय मामा? मी दवाखान्यात गेले तर मेंढराकडच्या माणसांना भाकरी कोण टाकंल?" आणि बायनाबाईनं ताटच सरकवलं. "नवरा गेला, लेक गेला. आता जे उरलंय त्याच्यात मी कुणाला सुई खुपसू देणार न्हाई. भावजी, पुन्हा ह्या घरात रक्ताचं नाव काढू नका."

तिचा राग मला कळत होता. वाईट बातमी ऐकायची माणसाची ताकद संपते. पण विजयमाला अडतीस वर्षांची होती आणि जीवन एकतिशीत गेला होता.

त्यानंतर येडबानं जे केलं ते त्याच्याशिवाय कुणाला सुचलं नसतं. बुधवारी सकाळी मी शटर वर करत होतो, तर हा धुवट धोतर, पटका, हातात पिशवी असा वेशीकडून चालत येताना दिसला. आदल्या संध्याकाळीच सोनपेठकडं भाच्याच्या घरी जाऊन मुक्काम करून आला होता. मला म्हणाला, "चल, साक्षीला लागशील."

आपल्याच घराच्या दारात तो पाहुण्यासारखा थांबला. आत गेला नाही. पायरीवर पिशवी ठेवली आणि हाक दिली, "वैनी, चांगुणाच्या घरून आलोय. लेकीला न्यायला मुराळी आलाय."

बायनाबाई बाहेर आली. पायरीवरची पिशवी बघितली, त्याचा पटका बघितला. आत चुलीपाशी विजयमालाचा हात थांबला. चांगुणाबाई गेल्यापासून तिच्या माहेराहून कुणीच आलं नव्हतं. भाऊ आपापल्या संसारात. आई नाही तिथं मामा मुराळी होऊ शकतो, आणि दारात आलेल्या मुराळ्याला रिकामं परत धाडणं म्हणजे सात पिढ्यांना बोल. बायनाबाईला हे येडबापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"ह्ये काय सोंग मांडलंय, भावजी?"

"सोंग न्हाई. जिंदगीभर हेच केलंय. तिघींना आणलं-नेलं, आन तिघींना कशानं नेलं ते इचारलं न्हाई. हिला इचारल्याशिवाय ठिवणार न्हाई मी."

बायनाबाई उंबऱ्यातून आत गेली. मग तिनं पाण्याचा तांब्या आणून त्याच्या हातात दिला, पाहुण्याला देतात तसा. आत वळून म्हणाली, "विजे, लुगडं बदल. मामा न्यायला आलाय. मी बी येते."

महिनाभरानं निकालासाठी आम्ही पुन्हा संभाजीनगरला गेलो. विजयमालाच्या रक्तात तो दोष निघाला. कागद मी सगळ्यांसमोर वाचून दाखवला. बायनाबाई एकदम बोलून गेली, "तरी मी म्हणत होते, वेल माघारी आणू नगा. हिनंच आणलं घरात." तिच्या तोंडून अठरा वर्षांनी निघालं ते.

डॉक्टर रोहिणींनी आवाज चढवला नाही. त्यांनी कागदावर काढलेली घराण्याची आकृती, पुरुषाला चौकोन आणि बाईला गोल अशी, पुढं ओढली आणि चांगुणाबाईच्या गोलावर बोट ठेवलं. "आजी, हे नीट बघा. हे तुमच्या सासऱ्यांकडून चांगुणाबाईंकडं गेलं. त्यांच्याकडून हिच्याकडं. हिनं काही आणलेलं नाही. तुमच्या घरानं लेकीबरोबर दिलं होतं, आणि लेकीला ते माहीतही नव्हतं."

बायनाबाईनं ते बोट, तो गोल, ती रेघ पुन्हा पुन्हा बघितली. विजयमाला शेजारी बसलेली होती, तिचे डोळे भरलेले. म्हातारीनं हळूच तिच्या मांडीवर हात ठेवला आणि तो काढला नाही.

अर्पिता आणि सुरजची तपासणी ती सज्ञान झाल्यावर करायची ठरली. दुर्बिणीत विजयमालाचं जठर स्वच्छ दिसलं. तरीही डॉक्टरांनी सांगितलं की या दोषात दुर्बिणीवर विसंबता येत नाही, सगळं जठर काढणंच सुरक्षित. निरोगी दिसणारं, न दुखणारं पोट काढायचं? महारुद्र दोन दिवस जेवला नाही. निर्णय विजयमालानं घेतला. "जीवनभावजींचं पोट मी पुसलंय," एवढंच म्हणाली आणि सही केली.

ऑपरेशन झालं. अन्ननलिका थेट आतड्याला जोडली. माणूस जठराशिवाय जगतो, थोडं थोडं खात, पुन्हा हिंडू-फिरू लागतो, हेही मला तेव्हाच कळलं. शरीराच्या या सोशिकपणाला काय म्हणावं? आठवडाभरानं काढलेल्या जठराची तपासणी आली. डॉक्टरांनी मला आणि येडबाला संगणकावर चित्र दाखवलं. गुलाबी, जांभळ्या पेशींची एकीला एक लागून बसलेली ओळ, आणि ओळीच्या खाली, भिंतीत, पाच-सात सुटलेल्या. प्रत्येकीच्या पोटात एक थेंब, त्या थेंबानं एका कडेला सारलेला ठिपका. अंगठीसारख्या दिसत होत्या. इतक्या लहान, इतक्या नाजूक, की यांनीच बन्सीधरला नेलं, जीवनला नेलं, हे खरं वाटेना. मी हात जोडले असते, पण कुणाला जोडावेत ते कळेना.

"सुरुवात झाली होती," डॉक्टर म्हणाल्या. "अशा थोड्या जागा सापडल्या. पण सगळ्या भिंतीच्या वरच्या थरातच. एकही बाहेर गेलेली नाही."

येडबा पडद्याच्या अगदी जवळ गेला. "ह्या निघाल्यात, पर आतच हायत."

"आतच आहेत."

"चांगुणाच्या बी कवातरी अशाच आत असतील?"

डॉक्टर त्याच्याकडं वळल्या. मग म्हणाल्या, "हो काका. त्यांच्याही एक दिवस अशाच आत होत्या. बहुतेक बरीच वर्षं."

"बरीच वर्षं म्हंजे मी तिला दिवाळीला आणायचो तवा. माझ्या बाजूलाच बसायची यष्टीत. पोटभर जेवायची, हसायची." तो पडद्यावरून नजर काढत नव्हता. "तवा कुणी इचारलं असतं तर ती बी राहिली असती."

डॉक्टरांनी ते खोडून काढलं नाही, खुर्ची पुढं सरकवली. येडबा खुर्चीत बसला आणि लहान पोरासारखा रडला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिलो. दुसरं मला काही येत नव्हतं.

थोड्या वेळानं बायनाबाई दारात आली. विजयमालाला आज पहिल्यांदा दोन चमचे पेज द्यायला सांगितली होती, ती वाटी तिच्या हातात तशीच होती. "भावजी, चला," ती म्हणाली. "ती खायना. म्हणती, आईकडचं माणूस शेजारी बसलं तर खाते."